दावं द्यायचं नसतं

आमच्या घरात आनंदाची बातमी मला कुणी आधी सांगत नाही. ऐकल्या ऐकल्या माझ्या तोंडून "कशावरून?" एवढंच निघतं. फळवाल्यानं दोन आंबे वरून घातले, तर मी पिशवीच्या तळातल्या आंब्यांचा वास घेऊन बघते. हुबळीत एका विम्याच्या कार्यालयात क्लेमची कागदपत्रं तपासायचं माझं काम, म्हणजे लोकांवर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, हिला उद्या देव प्रसन्न झाला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल. मला या थट्टेचं काही वाटत नाही. फसलेल्या माणसाला फिदीफिदी हसणारे लोक मी भरपूर पाहिलेत.

म्हणून त्या उन्हाळ्यात आत्याचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं.

"पुढच्या संतीला रजा काढून ये," ती म्हणाली. "म्हैस विकायची हाय."

आठवडी बाजाराला आमच्याकडे मराठी माणसंही संतीच म्हणतात, कानडीतून आलेला शब्द. मी म्हटलं, "मी येऊन काय करू? मला म्हशीतलं काय कळतं?"

"म्हशीतलं मला कळतंय की. तू माणसं बघायची. तुझ्याइतकं संशयी आपल्यात दुसरं कोण हाय?"

हे वाक्य आजवर मला कुणी कौतुकानं ऐकवलं नव्हतं. मी रजा टाकली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अळणावरच्या पुढे एका वाडीत एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात ती आणि परड्यात म्हैस. त्या वर्षी वळवानंही दगा दिला. विहिरीचा तळ दिसायला लागला होता. टँकर यायचा तो माणसांच्या पिण्यापुरतं पाणी देऊन जायचा आणि म्हशीसाठी आत्या वाडीच्या दुसऱ्या टोकाच्या बोअरवरून घागरीनं पाणी ओढायची. तिचे गुडघे पार गेले होते. वडील हुबळीतच केशवापूर भागात राहतात. ते दर फोनला सांगायचे, "अक्का, म्हैस काढ आणि केशवापूरला ये. खोली रिकामी आहे." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "आणि म्हशीला कुठं ठेवू? तुमच्या गॅलरीत?" आता ती म्हैस काढायला आपण होऊन तयार झाली, म्हणून घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मीसुद्धा. तेवढ्या एका गोष्टीचा संशय घ्यायचं मला सुचलं नाही.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी बाजाराच्या गावी पोचले तेव्हा आत्या म्हशीला घेऊन चालत येऊन थांबलेलीही होती. बाजार एरवी तळ्याच्या काठावर भरायचा. त्या वर्षी तळंच उरलं नव्हतं, तेव्हा लोकांनी सोयीस्करपणे तळ्याच्या पोटातच बाजार मांडला होता. भेगाळलेल्या चिखलाच्या खपल्यांवर ताडपत्र्या, त्यांच्यावर ब्याडगी मिरची, कांदे, मडकी. मधोमध एक होडी पालथी पडली होती आणि तिच्या सावलीत एक बाई कोथिंबीर विकत होती. इतकी हिरवीगार कोथिंबीर, अशा दुष्काळात? मी दोन काड्या चुरगाळून वास घेतला. कुठल्या पाण्यावर पिकवली, असं विचारलं. बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी काड्या परत ठेवल्या.

खरं म्हणजे त्या दिवशी सगळा बाजारच माझ्यासारखा झाला होता. कलिंगड घेणारा म्हणायचा, कापून दाखव. विकणारा म्हणायचा, घेणार असशील तर कापतो. जोंधळ्याचे दाणे दाताखाली फोडल्याशिवाय कुणी पुढे सरकत नव्हतं. पाणी आटलं की माणसाचा माणसावरचा भरवसाही आटतो. मला तिथं अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

जनावरांचा बाजार तळ्याच्या पलीकडच्या अंगाला होता. आत्यानं म्हशीला बाभळीच्या विरळ सावलीत उभं केलं आणि हातानं तिच्या पाठीवरची धूळ झाडली. चांगली काळीभोर, आखूड शिंगांची, गाभण म्हैस. कानात सरकारी पिवळा बिल्ला. डाव्या मांडीवर जुन्या जखमेचा वण. आत्या तिला नुसतं "ए बाई" म्हणायची.

"आता नीट ऐक," आत्या म्हणाली. "जनावर इकलं तरी आपलं दावं द्यायचं नसतंय. दाव्यासंगं गोठ्याची लक्ष्मी जाती. आपण आपलं दावं सोडून घ्यायचं, घेणाऱ्यानं आपलं आणलेलं बांधायचं. म्हणून गिऱ्हाइकाचं तोंड बघू नको. हातातलं दावं बघ."

"आणि मला खटकलं तर?"

"तर नाही म्हणून सांग. तू नाही म्हटलंस की नाही. तिला नीट सांभाळणारं घर पाहिजे मला. ट्रकात कोंबणाऱ्याला मी देणार नाही."

एवढा अधिकार मला ऑफिसातही नव्हता. मी लगेच कामाला लागले. खांद्यावर दाव्यांचा भाराच टाकून फिरणारे व्यापारी होते, त्यांना मी दुरूनच हात हलवून वाटेला लावलं. आत्याही मान डोलवायची. एकूण जोडी जमली होती.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण नवरा-बायको. धारवाडजवळ, केलगेरीच्या बाजूला राहणारे. नवऱ्याच्या कानाला मोबाइल, बायकोच्या डोक्यावर उन्हासाठी ओढणी गुंडाळलेली आणि हातात पिवळंधमक नायलॉनचं दावं. दुकानातली कागदाची पट्टीसुद्धा काढलेली नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली. यांनी आयुष्यात काही बांधलंय की नाही?

बायकोनं कानडीत प्रश्नांची सरबत्ती लावली. लाथ मारते का? परक्याच्या हाताला पान्हा सोडते का? हा वण कसला? आंबोण काय खाते? खारं पाणी चालतं का? आत्या उत्तरं देत होती. मग त्या मुलीनं थेट विचारलं, "गाभण म्हैस कुणी विकतं का, अक्का? काहीतरी दोष असल्याशिवाय?"

मला राग आला. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. त्यात नवऱ्यानं फोन बाजूला केला आणि भर बाजारात मोठ्यानं किंमत सांगून टाकली. आजूबाजूची डोकी आमच्याकडे वळली. जनावराचा भाव आमच्याकडे कुणी तोंडानं करत नाही. टॉवेलाखाली हातात हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. तोंडानं भाव करतो तो एक तर खुळा, नाही तर दुसऱ्या कुणासाठी भाव काढायला आलेला.

मी आत्याला मराठीत म्हटलं, "यांनी कधी शेळीसुद्धा बांधलेली नाही. नाही तर कुणीतरी पाठवलंय यांना. नको."

"नको तर नको," आत्या चटकन म्हणाली. तिनं त्या मुलीकडं हात जोडले. मुलीचा चेहरा पडला. ती दोघं गर्दीत गेली आणि मी विजयी मुद्रेनं पदरानं वारा घेत बसले.

ऊन चढलं. मग तो म्हातारा आला.

धोतर, डोक्याला रुमाल, पायात झिजलेल्या वहाणा. खांद्यावर एकच दावं, अंबाडीचं, तेलापाण्यानं काळं आणि मऊ झालेलं, टोकाला चार कवड्या ओवलेल्या. त्यानं म्हशीला काही विचारलं नाही की आत्याला काही विचारलं नाही. खिशातून गुळाचा खडा काढून म्हशीपुढं धरला. ती चाटायला लागली तसे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छलो ऐती, अक्का," तो म्हणाला. बेस आहे. मग मराठीत, "माझी गेली. तिचंच हे दावं. रिकामं दावं घरात बघवत नाही."

मी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. वहाणा बघितल्या, नखांतलं शेण बघितलं. दावं हातात घेऊन बघितलं. अशी झीज एका दिवसात येत नाही, हे कुणीही सांगेल. वर्षानुवर्षं रोज खुंट्याला बांधलेलं आणि सोडलेलं दावं होतं ते. इतक्या वर्षांत प्रथमच मला कुणाचं तरी सांगणं पटलं आणि पटल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की काय सांगू. लोक रोज असे हलके जगतात की काय, असंही वाटून गेलं.

"आत्या, हा चांगला वाटतो," मी म्हणाले.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. "नीट बघितलंस?"

"बघितलं."

"परत एकदा बघ की."

मी परत बघितलं. दावं जुनं होतं, माणूस रडत होता, म्हैस गूळ चाटत होती. आत्यानं नाइलाजानं पदर पुढं ओढला आणि त्याखाली दोघांनी हात धरले. बाईमाणसानं असा सौदा करायची रीत नाही, पण आत्याला त्याची फिकीर नव्हती. हात बराच वेळ पदराखाली राहिले. शेवटी म्हाताऱ्यानं मान डोलवली. मेव्हण्याचा टेम्पो घेऊन येतो म्हणून तो गेला. जाताना दावं खांद्यावरच होतं. बांधायला आत्ताच देऊन जा, असं मी म्हणणार होते, पण विश्वासाचं ते नवं सुख मोडवेना.

तो येईपर्यंत आत्यासाठी काही खायला आणावं म्हणून मी निघाले. होडीच्या पलीकडे गिरमिटाचा गाडा होता. चुरमुऱ्याचं गिरमिट आणि दोन मिरचीभजी कागदात बांधून घेतली आणि येताना जनावरांच्या दुसऱ्या टोकाकडून वळले. तिथं एका कुटुंबाच्या रेड्यापुढं गुळाचा खडा धरून कुणीतरी उभं होतं. खांद्यावर काळं, मऊ दावं. टोकाला चार कवड्या. "माझा गेला," तो सांगत होता, "त्याचंच हे दावं." डोळ्यांत पाणीही होतं, तितकंच.

मागे झाडापाशी मोठा ट्रक होता. त्यात जनावरं एकमेकांना घासून उभी होती. एकाच्याही गळ्यात कवड्या नव्हत्या. साधी सुतळी.

माझ्या हातातलं गिरमिट सांडलं. मी सरळ जाऊन त्याचा खांदा धरला. "मघाशी तुमची म्हैस मेली होती. आता रेडा मेला?"

तो गडबडला नाही. डोळे पुसले आणि चार पावलं मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हैस मेली हे खरं हाय, बाई. कधी मेली, ते कुणी विचारत नाही."

"कुठं जातात ही जनावरं?"

"लांब," तो म्हणाला. "तुमच्या आत्याकडं पाणी हाय काय? नाही न्हवं? मग?"

मी त्या रेडेवाल्यांना मोठ्यानं ओरडून सगळं सांगितलं. माणसं जमली, बाचाबाची झाली, तेवढ्यात म्हातारा दावं गुंडाळून ट्रकाआड नाहीसा झाला. मी तशीच तरातरा आत्याकडं निघाले. राग त्याचा होता आणि त्याहून जास्त त्या हलकेपणाचा. जन्मात एकदा माणसावर भरवसा ठेवला आणि तो नेमका याच्यावर. मग एक गोष्ट ध्यानात आली. त्यानं म्हशीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. संध्याकाळपर्यंत जे ट्रकात जायचं आहे, ते काय खातं आणि कुणाला लाथ मारतं, हे विचारायचं कशाला?

आत्याला सांगितलं, तेव्हा ती भडकेल असं वाटलं होतं. उलट तिचा चेहरा खुलला.

"बघ! म्हणूनच तुला बोलावली," ती म्हणाली आणि लगबगीनं उठली. "चल, आता इथं कोण चांगलं येणार? बाजार उठायला लागलाय. घरी जाऊ. पुढच्या संतीला बघू."

ती इतक्या उत्साहात म्हशीला वळवत होती की गुडघा धरून बसावं लागलं तरी हसत होती. मी भांडं घेऊन म्हशीला पाणी पाजायला गेले, तर भांडं कोरडं. सकाळी घरून आणलेलं संपलं होतं. म्हैस भांड्याचा तळ चाटत राहिली.

तेवढ्यात ती केलगेरीची मुलगी परत आली. यावेळी ती पुढं आणि नवरा मागं, हातात पाण्यानं भरलेली बादली. तिनं आधी बादली म्हशीपुढं ठेवली आणि मग माझ्याकडं वळून स्वच्छ मराठीत म्हणाली, "मघाशी तुम्ही म्हणालात ते मला समजलं. शेळी नाही बांधली कधी, खरं आहे. पण माझ्या आईकडं म्हशी होत्या. दिवसभर सगळी जनावरं बघितली. हीच मनात भरली."

मी माझ्या कामावर आले. अशा दुष्काळात पाणी कुठून? घरामागे बोअर आहे, अजून चालते. गोठा? बांधलाय. तिनं फोनवर फोटो दाखवला. फोटो काय, कुणाच्याही गोठ्याचा दाखवता येतो, मी म्हटलं. तिनं लगेच सासूला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी बडबडत, धडपडत फोन फिरवला. पत्र्याचं छप्पर, ओली फरशी, नवी गव्हाण, भरलेला हौद. दावं नवं का? "नव्या जनावराला जुनं दावं कशाला बांधायचं?" मुलगी म्हणाली. "आणि आता तुम्ही सांगा. गाभण असून का विकताय? मघाशी उत्तर दिलं नाहीत."

तेव्हा माझे डोळे उघडले. ही तर माझ्याच जातकुळीची. जिला घरी न्यायची त्या म्हशीबद्दल जी एवढा संशय घेते, ती तिला उन्हात सोडणार नाही. मी खरं ते सांगितलं. विहीर आटली आणि आत्याचे गुडघे गेले. मुलीनं आत्याच्या गुडघ्यांकडं बघितलं, मान हलवली आणि आणखी एक प्रश्न विचारला. बसताना ती उजव्या कुशीवर बसते की डाव्या?

उत्तर आलं नाही म्हणून मी आत्याकडं वळले. आत्या मुलीकडं बघत नव्हती, म्हशीकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. नजरेत असं आर्जव, की तसं मी तिच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. काढ गं काहीतरी. दावं, बोअर, सासू, काहीही.

मला तेव्हा सगळं उमगलं. बाजार ओळखायला तिला माझी गरज कधीच नव्हती. तिला कुणीतरी नाही म्हणणारं हवं होतं. दर संतीला मी यावं, प्रत्येक गिऱ्हाइकात खोट काढावी आणि तिनं म्हैस घेऊन परत वाडीला जावं. भावानं विचारलं तर सांगायला उत्तर तयार, काय करू, तुझीच लेक नको म्हणाली. म्हैस असेपर्यंत केशवापूर नाही. दिवसभर मी साऱ्या बाजारावर संशय घेतला आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसलेलीवर घेतला नाही.

खोट काढणं माझ्या हातचा मळ होता. पण बादली संपली होती आणि म्हैस अजून तिच्यात तोंड घालून उभी होती. आत्याचा हात गुडघ्यावर होता.

"काय गं," आत्यानं विचारलं, "तुला काय खटकत नाही?"

"नाही, आत्या."

तिनं म्हशीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग पदर पुढं ओढून म्हणाली, "ये पोरी. हात दे." भाव पदराखाली झाला. आकडा मला आजही माहीत नाही.

आत्यानं आपलं दावं सोडलं. मुलीनं नवं बांधलं, ते सैल बसलं. आत्यानं तिच्याकडून सोडवून पुन्हा बांधून घेतलं. टेम्पोपाशी म्हैस अडली. मुलीनं विचारलं, "अक्का, तुम्ही हिला हाक कशी मारता?"

आत्यानं टाळूला जीभ लावून घशातून एक लांब आवाज काढला. म्हशीनं लगेच मान वळवली. मुलीनं तसाच काढून बघितला. म्हैस हलली नाही. "अजून जरा खालून," आत्या म्हणाली. "गळ्यातून. घाई करू नको." मुलगी पुन्हा पुन्हा काढत राहिली, आत्या दुरुस्त करत राहिली आणि कितव्यांदा तरी म्हशीनं कान हलवला, मान त्या मुलीकडं फिरवली आणि फळीवरून टेम्पोत चढली. मला रडू आलं. आत्या कोरडीच होती.

टेम्पो तळ्याच्या भेगांवरून धूळ उडवत गेला. आम्ही एस.टी.च्या थांब्यावर येऊन बसलो. आत्या दाव्याची गुंडाळी करत होती, सोडत होती, परत करत होती.

"दिवसभर तोंड चालू होतं तुझं," ती म्हणाली. "शेवटाला नेमकी गप्प बसलीस."

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही. जरा वेळानं तिनं दावं पिशवीत घातलं आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "केशवापूरच्या घरात हे टांगायला खुंटी हाय काय?"

वडिलांच्या त्या घराच्या भिंतीत एकही खुंटी नाही. "आहे," मी म्हणाले. "राहशील तू तिथं. बरं वाटेल तुला."

आत्यानं मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं.

"कशावरून?" ती म्हणाली.